कॅन्सरची ट्रीटमेंट संपली, १५ जूनला शाळेत हजर व्हायचंय, पण मैत्रिणीचे सहा केमो बाकी आहेत. सल्ला हवा

खडू_फळा:
नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. वय ४६, सांगली जिल्ह्यात हायस्कूलला गणित शिकवते. गेल्या सप्टेंबरात आंघोळ करताना उजव्या स्तनात गाठ हाताला लागली, ऑक्टोबरात ऑपरेशन (पूर्ण काढलं, काखेतल्या गाठीपण), मग लाल औषधाचे चार केमो, मग दर आठवड्याचे बारा, आणि मे महिन्यात रेडिएशनचे १५ डोस. आता परत होऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी रोज. डॉक्टर म्हणाले, जा शाळेत. घरचे खूश. मला मात्र रात्री झोप लागत नाहीये.

एक तर उजवा हात. फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत पोचतच नाही, कानापर्यंत गेला की काखेत दोरी ओढल्यासारखं होतं. आणि मी खडू उजव्याच हाताने धरते. दुसरं म्हणजे ब्लाउज एका बाजूने वर सरकतो, आत रुमाल घडी करून ठेवते पण दोन तास उभं राहून शिकवताना तो हलला तर काय करू. मुलं आठवी-नववीची आहेत, त्यांना सगळं दिसतं. केस जेमतेम बोटाच्या पेरभर आलेत. स्टाफरूममध्ये जो तो विचारणार, कशाने झालं गं तुला.

आणि तिसरं, जे खरं मनाला लागलंय. मिरजेला केमोच्या वॉर्डात शेजारच्या खुर्चीवर एक बाई भेटली, जतकडची, डाळिंबाची बाग आहे त्यांची. तिचं लाल औषध सुरू झालं तो पहिला दिवस, सिरिंजमधला तो रंग बघून घाबरून उठायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला आणि सांगितलं की उद्यापर्यंत लघवीपण लाल होईल, ते रक्त नाही, भिऊ नको. तेव्हापासून आमची शुक्रवारची जोडी. माझी शीर सापडत नसली की ती सिस्टरांना दटावायची, मला तोंड आलं तेव्हा घरून ताकातली मऊ कण्या करून आणायची. आता माझं संपलं आणि तिचे आठवड्याच्या बारापैकी सहा राहिलेत. शाळा सुरू झाली की शुक्रवारी मी नसणार. परवा म्हणाली, तू सुटलीस बाई. रागाने नाही म्हणाली, पण मला तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. मी तिच्यासाठी काय करू ते सांगा.

जास्वंदी:
ताई आधी हाताचं बोलते कारण त्यात मी दीड वर्ष काढलंय. आमच्या दाराच्या चौकटीवर लेकाच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्याच्या शेजारी मी माझ्या बोटांच्या खुणा करायला लागले. भिंतीला समोर तोंड करून उभं राहायचं, दोन बोटांनी मुंगीसारखं चढत चढत वर जायचं, ताण बसेल तिथे दहा आकडे थांबायचं, खुण करायची, हळू खाली. सकाळ-संध्याकाळ. दुखेस्तोवर नाही, ताणेपर्यंत. महिनाभरात लेकाच्या पाचवीच्या खुणेवरून सातवीच्या खुणेवर गेले, लेकच रोज येऊन बघायचा. ती काखेतली दोरी म्हणताय ना, फिजिओला नक्की दाखवा, ती मोकळी करता येते, स्वतः जोर लावून तोडू नका.

तोवर फळ्याचा खालचा अर्धाच वापरा, वर लिहायला एक मुलगा उठवा. गणितात तर मुलांनाच फळ्यावर बोलवतात की.

सातारची_आक्का:
पोरी, मला अकरा वर्षं झाली. रुमाल फेकून दे. वजनच नसतं त्याला म्हणून ब्लाउज वर चढतो आणि खांदा वाकडा होतो. मी पहिली दोन वर्षं सुती कापडाची पिशवी शिवून त्यात मोहरी भरून वापरली, दुसऱ्या बाजूच्या वजनाएवढी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून. ब्राला आतून सुती कप्पा शिवून त्यात घालायची म्हणजे हलत नाही. धुवायच्या आधी मोहरी काढून घे. जखम पूर्ण भरली आणि डॉक्टर हो म्हणाले की मग दुकानातलं सिलिकॉनचं कृत्रिम स्तन घे, महाग आहे पण टिकतं. रेडिएशनची कातडी अजून नाजूक असेल तर आणखी थोडं थांब. सुती धाग्याचं विणलेलंपण मिळतं, निटेड नॉकर्स इंडिया म्हणून बायकांचा गट आहे, त्या हाताने विणून फुकट देतात, हलकं आणि मऊ असतं, उन्हाळ्यात बरं.

आणि एक लक्षात ठेव, काखेतल्या गाठी काढल्या की त्या हाताला सूज धरू शकते. कासाराकडे गेलीस तर उजव्या हातात बांगड्या दाबून चढवू देऊ नको. वटपौर्णिमेला सगळ्या आग्रह करतील, डाव्या हातात भर. उजव्या हाताला बीपी नाही, सुई नाही, वह्यांचा गठ्ठा नाही. हात जड वाटला, अंगठी रुतायला लागली की वाट न बघता दाखव. मी तीन महिने अंगावर काढलं, आता कायम स्लीव्ह (सूज दाबून धरणारी घट्ट बाही) घालते.

नव्वदची_बॅच:
मीपण शिक्षिका, अनुदानित शाळा. हजर होताना फिटनेस सर्टिफिकेट लागेल, ते आत्ताच घेऊन ठेवा आणि त्यावर ‘उजव्या हाताने वजन उचलू नये, सलग उभं राहू नये’ एवढं डॉक्टरांकडून लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं दोन आठवड्यांत विसरलं जातं. हजर व्हायच्या आधी मुख्याध्यापकांना एकट्या भेटून या. वर्ग तळमजल्यावर मागा, दोन तास सलग नको म्हणा, खुर्ची मागा. माझ्या मुख्याध्यापिकेने बदलीशिवाय दुसरं सगळं दिलं, फक्त मागायला मी चार महिने लावले.

स्टाफरूमसाठी एक वाक्य ठरवून जा. मी म्हणायचे, कॅन्सर होता, उपचार झाले, आता गोळी चालू आहे, आणि लगेच विचारायचे की सहामाहीचे पेपर कोणाकडे आहेत. कशाने झालं याचं उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. वर्गात मी मुलांना स्वतःच सांगितलं, केस औषधाने गेले होते, येतायत. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, माझ्या आजीचेपण गेले होते मॅडम. तेवढंच, मग आम्ही अपूर्णांक सुरू केले.

निसर्गोपचार_७१:
ताई केमो झालं ना, आता त्या गोळीची गरज नाही. माझ्याकडे एक काढा आहे, तीन महिन्यांत शरीर शुद्ध होतं. मेसेज करा.

वॉर्ड_नंबर_सात:
वरच्या काकांना हात जोडून विनंती, हे इथे लिहू नका. मी ऑन्कोलॉजीला, म्हणजे कॅन्सरच्या विभागात, स्टाफ नर्स आहे. हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणाऱ्या, गाठीला ही गोळी पाच ते दहा वर्षं देतात, परत येऊ नये म्हणून देतात, आणि मनाने बंद केलेल्या बायका मी परत वॉर्डात आलेल्या बघितल्यात. खडू ताई, अंगातून वाफा येणं, घाम, झोप मोडणं हे गोळीने होतं, त्यावर इलाज आहे, डॉक्टरांना सांगा. पाळीत नेहमीपेक्षा वेगळा रक्तस्राव दिसला तर लगेच दाखवा. बाकी गोळी चुकवू नका.

तुमच्या मैत्रिणीचं. तिला ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका, ती कधीच सांगणार नाही. तिचं रक्त कधी तपासतात? आदल्या दिवशी ना? मग गुरुवारी संध्याकाळी फोन तुमचा, रिपोर्ट वाचून घ्यायचा, पांढऱ्या पेशी कमी असतील तर केमो पुढे ढकलतात, मग तिने उगाच एसटीने धक्के खात यायला नको. या औषधाने हातापायाला मुंग्या येतात का, बटण लावता येतं का, भाकरी भाजताना चटका कळतो का हे दर आठवड्याला विचारा आणि हो म्हणाली तर डॉक्टरांना सांगायला लावा, बायका हे लपवतात, डोस थांबेल या भीतीने. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताप १००.४ च्या वर गेला तर गोळी घेऊन झोपायचं नाही, रात्र असली तरी हॉस्पिटल. थर्मामीटर नसेल तर तुम्हीच घेऊन द्या, आजच.

रेल्वेचा_माणूस:
माझ्या बायकोचं २०१९ ला झालं, तेव्हा कळलेलं सांगतो. कॅन्सर पेशंटला उपचाराला किंवा तपासणीला जाताना रेल्वेत सवलत असते. सेकंड क्लासला पेशंट आणि सोबतचा माणूस दोघांना ७५ टक्के, स्लीपर आणि थ्री एसीला पेशंटला पूर्ण माफ आणि सोबतच्याला ७५ टक्के. हॉस्पिटलकडून रेल्वेच्या नमुन्यातला दाखला घ्यायचा आणि तिकीट काउंटरवरून काढायचं. जत रोड ते मिरज गाडीची वेळ जमली तर एसटीपेक्षा पाठीला बरं पडेल. पुढे कधी मुंबईला टाटाला दाखवायची वेळ आली तर परळला नाना पालकर स्मृती समिती आणि दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा, दोन्हीकडे पेशंटची राहायची सोय होते, आधी चौकशी करून जा.

अजून एक, नवऱ्याच्या बाजूने. तिच्या मालकांना एकदा फोन करा. मी बायकोसमोर सगळं करत होतो पण पहिले तीन महिने कोणीच मला विचारलं नाही की तुम्ही जेवलात का.

खडू_फळा:
तुम्हा सगळ्यांचं वाचून दोनदा रडले, नंतर वही घेऊन बसले. कालपर्यंतचं सांगते. चौकटीवर खुण केली, आमच्याकडे लेकीच्या खुणा आहेत, मी सध्या तिच्या दुसरीवर आहे. आक्का, पिशवी शिवली, २७० ग्रॅम मोहरी बसली, आरशात बघितलं तर दोन्ही खांदे एका रेषेत, कितीतरी वेळ तशीच उभी राहिले.

मुख्याध्यापकांना भेटले. तळमजला मिळाला. शुक्रवारी शेवटचे दोन तास मोकळे मागितले, का ते खरं सांगितलं, ते हो म्हणाले. म्हणजे दुपारी तीनला मी मिरजेत, तिची बाटली तोपर्यंत अर्धी झालेली असते.

गुरुवारी फोन केला. पेशी ठीक आहेत. बटणाचं विचारलं तर आधी नाही म्हणाली, मग म्हणाली की डाळिंब सोलताना दाणे बोटाला कळत नाहीत, दोन आठवडे झाले. डॉक्टरांना सांगायचं कबूल करून घेतलं. तिच्या मालकांशीपण बोलले, ते बराच वेळ बागेच्या पाण्याबद्दलच बोलत होते, मी ऐकत राहिले. फोन ठेवताना तिने विचारलं, शाळेत पहिल्या दिवशी कुठली साडी नेसणार. मी म्हटलं अजून ठरलं नाही. म्हणाली हिरवी नेस, आणि फोटो पाठव, शुक्रवारी सिस्टरांना दाखवते.