माईंचं सामान आखाजीला हलवायचं, जळगावात उतरवून घ्यायला कोण?

प्रेषक: बेबी (मिसिसागा)

नमस्कार मंडळी,

माझ्या आईचं, माईचं एकदाचं ठरलं. भुसावळचं वरच्या मजल्याचं घर सोडून जळगावात, जिजींच्या शेजारचा तळमजल्यावरचा फ्लॅट. अकरा महिन्यांचा करार झाला. १९ एप्रिलला आखाजी (अक्षय्य तृतीया) आहे, त्याच दिवशी टेम्पो सांगायचा विचार आहे. साडेतीन मुहूर्तांतला एक, म्हणजे कुणाला विचारायला नको. मला सुट्टी नाही, दादा जूनशिवाय निघत नाही. भुसावळला चढवून द्यायला खालचे भाडेकरू आहेत. प्रश्न जळगावचा. जिजींचे गुडघे सगळ्यांना माहीत आहेत. कुणाचा भाऊ, भाचा, मेहुणा जळगावात असेल तर कळवा. टेम्पो दहाला निघेल, अकरा-साडेअकराला पोचेल. दोन तासांचं काम आहे.

बेबी

---

प्रेषक: तात्या (धुळे)

बेबी, एप्रिलचा तिसरा आठवडा, भुसावळ, सकाळी दहा. तिकडे राहून इकडचं ऊन विसरलीस का? पारा ४२-४३ ला टेकलेला असतो. साडेअकराला लोखंडी कपाटाला हात लावून दाखव. बारा ते चार इकडे कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं, आणि तू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला टेम्पोमागे रिक्षात बसवणार.

दुसरं, आखाजीला हमाल मिळणार नाहीत. खान्देशात त्या दिवशी कोण काम करतं? सालदारसुद्धा, वर्षाच्या बोलीचा शेतगडी, जुनं साल संपवून मोकळा झालेला असतो. गडी सगळे पत्त्यांच्या डावावर. चारपट पैसे दिलेस तरी एखादा येईल, तोही हरत असला तर.

तारीख बदल. माणसाचं नंतर बघू.

तात्या

---

प्रेषक: आप्पा (स्कार्बरो)

मंडळी, ज्येष्ठांच्या मदतीसाठी आपण मागच्या वर्षी ज्येष्ठ समिती केली आणि तिची वेगळी ईमेल-यादीही केली. अशा विनंत्या तिकडे आल्या तर त्यांची नोंद राहते. मुख्य यादीवर आले की पाडव्याच्या श्रीखंडासारखं होतं, बोलतात सगळे आणि वाढायला कुणी नसतं.

तरीही बेबीसाठी जळगावच्या माझ्या मावसभावाला विचारतो. त्याला कंबरेचा त्रास आहे, पण उभा राहून लक्ष ठेवू शकेल.

आप्पा
(ज्येष्ठ समिती)

---

प्रेषक: ताई (ओकव्हिल)

श्रीखंड कमी पडलं कारण आकडा समितीनं दिला होता, स्वयंपाकघरानं नाही. एवढंच सांगून विषय सोडते.

बेबी, तात्या म्हणतात तसं पुढे ढकलायचं तर कुठे ढकलणार ते आधी बघ. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. अधिकात माई नव्या घरात पाऊल टाकणार नाहीत, मी त्यांना ओळखते. निज ज्येष्ठ येईपर्यंत पाऊस. काळ्या मातीत टेम्पो रुतला आणि गाद्या भिजल्या की वाळायला चार दिवस. २५ जुलैला आषाढी, चातुर्मास सुरू. १७ ऑगस्टला नागपंचमी आणि लगेच २३ ला रविवारी कानबाई, आपल्या खान्देशातल्या देवीचा सण. कानबाईला घर हललेलं चालेल का? रोट कुठे करायचे? पुढे गणपती, मग पितृपक्ष. म्हणजे दसरा आला. तोपर्यंत त्या वरच्या मजल्याचे जिने कोण चढणार?

म्हणून एप्रिलच बरा. फक्त दहाला नको, पहाटे पाचला निघा. आणि त्या वयात तहान लागलेली कळत नाही, हे इथे वॉर्डात रोज बघते. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर डॉक्टरांना आधी विचारून घ्या. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी बाटलीत भरून द्या, हातात द्या. "लागलं तर पी" म्हणून चालत नाही.

ताई

---

प्रेषक: बाळू (ब्रॅम्प्टन)

ताईंनी दसऱ्यापर्यंतचं सगळं पंचांग मांडलं, आता दिवाळी तेवढी राहिली :)

माझं मत, पॅकर्स-मूव्हर्स लावा आणि मोकळे व्हा. आमच्या आईचं धुळ्याहून नाशिकला तसंच केलं होतं. फक्त पितळी डबे एकात एक कोंबले त्यांनी, सगळ्यात मोठा चेपला. आई अजून दर फोनवर त्याचं नाव काढते. कंपनी म्हणाली, पितळ "फुटण्याजोग्या" यादीत नाही. बाकी काम चांगलं होतं. हां, आणि घड्याळ आलंच नाही.

बाळू

---

प्रेषक: तात्या (धुळे)

बाळू, हे तू शिफारस म्हणून लिहिलंस की तक्रार म्हणून?

बेबी, गॅसचं काय केलंस? भुसावळची एजन्सी वेगळी, जळगावची वेगळी. सिलिंडर टेम्पोत टाकून न्यायचा नसतो. सिलिंडर-रेग्युलेटर तिथे जमा करायचं, अनामत परत घ्यायची, ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचं आणि ते दाखवून जळगावात नवीन घ्यायचं. आणि कनेक्शन अजून तुझ्या वडिलांच्या, भाऊंच्या नावावर असलं, तर आधी नाव बदलायला लागेल. त्याला मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती लागते. म्हणजे तुझी आणि दादाची. पत्र लिहून सही करून आत्ताच पाठवा. मी माझ्या बहिणीचं केलं तेव्हा एजन्सीनं परदेशातल्या मुलाच्या सहीवरून दोनदा परत पाठवलं होतं. आधी फोन करून विचारा, त्यांना कोणत्या नमुन्यात हवंय.

रेल्वेच्या फॅमिली पेन्शनची शाखा बदलायची घाई करू नका. हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, नोव्हेंबरमध्ये. ऐंशी पूर्ण झाली की १ ऑक्टोबरपासून देता येतो.

तात्या

---

प्रेषक: बेबी (मिसिसागा)

तात्या, कनेक्शन भाऊंच्याच नावावर आहे. माईनं बदलूच दिलं नाही. पावतीवर त्यांचं नाव येतं म्हणून. दादाला आजच सांगते.

पण माणसाचं काय? आप्पांचा मावसभाऊ सोडून अजून कुणी?

बेबी

---

प्रेषक: आप्पा (स्कार्बरो)

मावसभाऊ आखाजीला सासुरवाडीला, एरंडोलला जाणार आहे. इतर कोणत्याही दिवशी चालेल म्हणाला.

गॅसच्या बाबतीत तात्यांशी सहमत. पण मुख्य मुद्दा बाजूला पडतोय. भुसावळच्या घराचं काय? बंद ठेवणार, खालच्यांनाच वरचंही देणार, की बक्षीसपत्र करणार? करायचंच असेल तर "सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द त्यात असू द्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, बक्षीसपत्रात तशी अट असेल आणि पाळली गेली नाही, तर हस्तांतरण रद्द करून मिळतं. अट लिहिलेली नसली तर वाद घालत बसावं लागतं.

आप्पा

---

प्रेषक: बेबी (मिसिसागा)

आप्पा, घराचं काही करत नाही आहोत. माई फक्त जिने सोडते आहे.

---

प्रेषक: जिजी (जळगाव)

हे मी फोनवर बोलून लिहिते आहे. चुका झाल्या तर समजून घ्या.

माझे गुडघे एवढे प्रसिद्ध आहेत हे माहीत नव्हतं. उभी राहू शकते. खाली बसता येत नाही, एवढंच. टेम्पोवाल्याला "इथे ठेव, तिथे ठेव" सांगायला बसावं लागत नाही.

अडचण वेगळीच आहे आणि ती कुणी विचारलीच नाही. कूलर. माईंचा कूलर मोठा, लोखंडी, तीन ताट्यांचा. नव्या घराच्या खिडकीला ग्रील आहे, कूलर बाहेर लागणार कसा? खोलीत आत ठेवला तर दमट होतं आणि माईंना कोंडल्यासारखं होतं. मे महिन्यात कूलर नसलेल्या घरात मी त्यांना एक रात्र झोपू देणार नाही. आधी कूलर लागेल, मग माई येतील. आणि नळाला पाणी रोज नसतं, कूलर दिवसाला दोन-तीन बादल्या पितो. ड्रम लागेल.

बंगईचं (झोपाळ्याचं) पण बघा. फ्लॅटच्या स्लॅबला कड्या नाहीत. सोसायटीचे सेक्रेटरी भोकं पाडू देत नाहीत. माझी बंगई मी भाच्याला दिली. माई देणार नाहीत.

जिजी

---

प्रेषक: बाळू (ब्रॅम्प्टन)

एसी लावा की.

---

प्रेषक: ताई (ओकव्हिल)

बाळू, भाड्याच्या घरात एसी, पुन्हा भिंतीला भोक. आणि भुसावळच्या बाईला एसीत झोपवून बघ, सकाळी सांधे धरून बसतील. जिजी बरोबर बोलतात. कूलर आधी.

बंगई उभ्या फ्रेमची मिळते, लोखंडी पायांची, छताला काही लागत नाही. जुनी फळी आणि कड्या त्यालाच अडकवायच्या. माझ्या सासूबाईंनी तसंच केलं होतं. फ्रेम थोडी करकरते.

---

प्रेषक: माई (भुसावळ)

चिरंजीव बेबी आणि सर्वांना नमस्कार,

खालच्या नातीनं तुमची सगळी पत्रं वाचून दाखवली. माझ्यावर एवढी चर्चा झाली हे बरं वाटलं, पण मला कुणी विचारलं नाही.

आखाजीला मी हलणार नाही. आखाजीला यांच्या नावानं पाण्याची घागर भरायची असते. ती या घरात भरणार, जिथे ते राहिले. नव्या घरात घागर भरली तर त्यांनी कुठे शोधायचं? पुढच्या वर्षी बघू. म्हणजे सामान आखाजीच्या आधी जाईल आणि मी आखाजी झाल्यावर. उन्हाचं मला सांगू नका, या गावात मी सून म्हणून आले तेव्हा पंखासुद्धा नव्हता. पण पहाटेचा टेम्पो ठीक आहे.

दुसरं, अर्धं सामान गेलेलं आहे. पाडव्यापासून मी एसटीनं जळगावला जाते. पंचाहत्तर पूर्ण झाल्यावर एसटीचं तिकीट लागत नाही, २०२२ पासून. आधार दाखवायचं आणि बसायचं. दर खेपेला दोन पिशव्या. पितळी डबे मी मांडीवर नेले, एकही चेपला नाही, बाळूच्या आईला सांगा. देव मागच्या आठवड्यात पोचले, ते सध्या जिजीच्या देव्हाऱ्यात बसले आहेत. जिजी बहात्तरची, तिला अर्धं तिकीट पडतं. त्यावरून ती माझ्याशी भांडते.

जाण्याला कारणही होतं. कुरडया आणि बिबडे (ज्वारीचे पापड). जिजीला खाली बसता येत नाही आणि मला फार उभं राहता येत नाही. ती उभी राहून चीक ढवळते, मी खाटेवर बसून सोऱ्या फिरवते. बिबडे मी थापते आणि ती गच्चीवर नेऊन घालते. म्हणजे तिच्या घरातला मुलगा नेतो, ती सांगते. या वर्षी दोन घरांचं मिळून एकच वाळवण केलं. माणसं दोन, तेल-मीठ एक. पुढचं जेवणही बहुधा असंच होईल. सकाळचा चहा तिच्याकडे, कारण पेपर तिच्याकडे येतो. मी सातपर्यंत गेले नाही तर ती दार वाजवेल. तिच्याकडे माझी किल्ली आहे, माझ्याकडे तिची. हे आमचं ठरलं आहे, समितीत नोंद करायची असेल तर आप्पांनी करावी.

बंगई नेणार. फ्रेम करकरली तरी चालेल.

भाऊंच्या नावाचं गॅसचं तात्या म्हणतात तसं करा. पण जुन्या पुस्तकाची एक प्रत मला काढून द्या.

माई

---

प्रेषक: तात्या (धुळे)

माई, बठ्ठं बरं शे (सगळं ठीक आहे) मग. आम्ही उगाच घाम गाळला.

आता कामाचं. आखाजीच्या आधीचा मंगळवार, १४ एप्रिल नको, आंबेडकर जयंती, जळगावात रस्ते गर्दीचे असतात. १६ ला गुरुवारी पहाटे पाच. धुळ्याहून मी आदल्या संध्याकाळी एसटीनं येतो, जिजींकडे नाही, पुतण्याकडे झोपतो. मलाही तिकीट लागत नाही. आप्पांचा मावसभाऊ त्या दिवशी मोकळा आहे का तेवढं कळवा. फक्त कपाट, पलंग, बंगई, कूलर, दिवाण. टेम्पो छोटा पुरेल.

तात्या

---

प्रेषक: आप्पा (स्कार्बरो)

मावसभाऊ १६ ला हजर आहे. कपाट उचलणार नाही असं त्यानं स्पष्ट सांगितलंय. दोन हमाल तोच ठरवेल, पहाटेचे थोडे जास्त घेतील.

किल्लीची नोंद समितीच्या यादीत केली. जळगाव-भुसावळ-धुळ्याला ज्यांचे आई-वडील एकटे आहेत त्यांनी शेजारी कुणाकडे किल्ली आहे ते मला कळवा. फोन नंबर यादीवर टाकू नका, मला खाजगीत पाठवा. आणि ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन घरात भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा.

आप्पा
(ज्येष्ठ समिती)

---

प्रेषक: ताई (ओकव्हिल)

श्रीखंडाचा आकडाही असाच खाजगीत घेतला असता तर.

---

प्रेषक: बेबी (मिसिसागा)

माई, मला सांगितलं का नाहीस? पाडव्यापासून रोज फोनवर बोलतोय आपण.

दादाचं आणि माझं संमतीपत्र तयार आहे. तात्या, एजन्सीला विचारलं, त्यांना दोघांच्या ओळखपत्राच्या प्रती आणि मूळ सही हवी आहे, स्कॅन चालत नाही. कुरियरनं पाठवते आहे, तुमच्या पुतण्याच्या पत्त्यावर. चालेल ना?

---

प्रेषक: माई (भुसावळ)

सांगितलं असतं तर तू टेम्पो सांगितला असतास.

---

प्रेषक: जिजी (जळगाव)

पत्ता चालेल, पुतण्याशी बोलले.

सुतार बघून गेला. खिडकीचं ग्रील स्क्रूचं आहे, खालचा भाग निघतो. मालकाला विचारलं, जाताना परत बसवायचं या बोलीवर हो म्हणाला. कूलरला बाहेरून लोखंडी स्टँड लागेल. माई, कूलरची रुंदी-उंची मोजून आज रात्री कळवा, टेपनं मोजा, वीत नको. सुतार मंगळवारी सुट्टीवर आहे, म्हणून स्टँड सोमवारीच करायला टाकते.