मदत हवी आहे: अंडी घालणाऱ्या मादी कासवात इस्ट्रोजेन कमी कसं काय?

नमस्कार मंडळी, झूलॉजीच्या एमएस्सीला आहे, सेमिनारसाठी मादी कासवांचं हंगामी प्रजनन आणि त्यामागचे हार्मोन्स हा विषय घेतलाय. कासवं आवडतात म्हणून हट्टाने मागून घेतला, पण तीन दिवस एकाच ग्राफवर अडकून बसलेय.

कळलंय तेवढं आधी सांगते, चुकलं तर तिथेच पकडा. हंगाम जवळ आला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच हे हार्मोन सुटतं, त्याने पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही अंडाशयाला कामाला लावणारी हार्मोन्स सोडते, मग अंडाशयातली फॉलिकल्स (ज्यात अंडं वाढतं त्या पिशव्या) इस्ट्रॅडिओल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, बनवायला लागतात आणि ते इस्ट्रॅडिओल लिव्हरकडून बलकाचं प्रोटीन, म्हणजे व्हिटेलोजेनिन, करून घेतं. ते रक्तातून फॉलिकलमध्ये येऊन साठतं. इथपर्यंत कोंबडीसारखंच, काही अडचण नाही.

मला वाटलं होतं की किनाऱ्यावर खड्डा खणून अंडी घालणाऱ्या मादीत इस्ट्रॅडिओल सगळ्यात जास्त असणार. पण ग्रीन टर्टल आणि लॉगरहेड या समुद्री कासवांचा डेटा बघितला तर तिथे इस्ट्रॅडिओल तळाला आणि टेस्टोस्टेरॉन चढलेलं, तेही मादीत! हंगामात अंड्यांची एकेक खेप घालून होते तसं टेस्टोस्टेरॉनही उतरत जातं. वर अंडी घातल्यावर एक-दोन दिवसांत एलएच आणि प्रोजेस्टेरॉन उसळतात, म्हणजे काम झाल्यावर? मला सगळं उलटंच वाटतंय.

अजून एक, गोड्या पाण्यातली पेंटेड टर्टल अंडी घालते वसंताच्या शेवटी आणि उन्हाळ्यात, पण तिची फॉलिकल्स वाढायला लागतात आदल्या वर्षी थंडीच्या तोंडावर. असं का? ती दिवसाची लांबी बघते की तापमान?

प्लीज कोणीतरी सोप्या शब्दांत सांगा, नुसती पाठ केलेली आकृती फळ्यावर काढायची नाहीये मला.

प्रतिसाद

उलटं काही नाही, तुम्ही नाटकाचा फक्त शेवटचा अंक बघताय. समुद्री कासवात बलक भरायचं काम कित्येक महिने आधी, चरायच्या जागीच होतं, मादी प्रवासाला निघायच्याही आधी. इस्ट्रॅडिओल तेव्हा वर असतं. किनाऱ्यावर पोचेपर्यंत अख्ख्या हंगामाची फॉलिकल्स भरून तयार, मग लिव्हरला परत कामाला लावायची गरजच काय. आणि एवढा साठा जमवायला वेळ लागतो म्हणून तर ग्रीन टर्टलची मादी साधारण 2 ते 4 वर्षांनी येते, दरवर्षी नाही.

टेस्टोस्टेरॉन ती भरलेली फॉलिकल्सच बनवतात. खेपेगणिक फॉलिकल्स कमी होतात, म्हणून ते उतरतं. त्यामुळे रक्तातलं टेस्टोस्टेरॉन बघून पोटात माल किती शिल्लक आहे त्याचा अंदाज येतो. एलएचची उसळी मागच्या खेपेची नाहीच, ती पुढच्या खेपेची आहे! त्याने पुढचं ओव्ह्युलेशन (फॉलिकलमधून अंडं सुटणं) होतं, मग अंडनलिकेत पांढरा भाग आणि कवच चढतं आणि दोनेक आठवड्यांनी मादी परत किनाऱ्यावर. ऑलिव्ह रिडले ही समुद्री कासवं एकगठ्ठा येतात तेव्हा हे अंतर महिन्याच्या आसपास जातं.

पेंटेड टर्टलचं उत्तर तापमानात आहे. पिल्लं घडायला पूर्ण उन्हाळा हवा, म्हणून अंडी लवकर घालायला हवीत, आणि वसंतात शून्यातून बलक भरत बसायला वेळ नसतो. तिच्या अंडाशयाच्या वाढीला थोडा गारवाच मानवतो, सतत उबेत ठेवलं तर वाढ अडते.

धागाकर्ती

खूप खूप धन्यवाद, पुढची खेप हे डोक्यातच आलं नव्हतं, आता ग्राफ सरळ वाचता येतोय! शेवटचं एक, अंडी अडकली की प्राण्यांचे डॉक्टर ऑक्सिटोसिन (अंडनलिका आवळायला लावणारं हार्मोन) देतात, ते कासवाचं स्वतःचं हार्मोन आहे का?

प्रतिसाद

नाही. कासवाचं स्वतःचं म्हणजे आर्जिनिन व्हॅसोटोसिन, आणि त्याच्या जोडीला प्रोस्टाग्लँडिन. ऑक्सिटोसिनची रचना व्हॅसोटोसिनच्या खूप जवळची आहे म्हणून अंडनलिका त्यालाही दाद देते. सरड्यांपेक्षा कासवांत ते जास्त चांगलं लागू पडतं.