लाठी-पट्ट्यावरचा मारधाडपट नागपुरातून निघावा, आणि त्याचे पुढचे भागही यावेत. तुम्हाला काय वाटतं?

महालचा लाठीवाला
परवा 'द रेड' (2011) पुन्हा पाहिला, तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट घोळतेय. कथा ओळभराची आहे: पोलिसांची तुकडी गुंडाच्या इमारतीत शिरते आणि आतच अडकते. पण सिनेमा संपतो तेव्हा इंडोनेशियातली सिलाट ही लढण्याची विद्या आपल्या ओळखीची झालेली असते. दिग्दर्शक गॅरेथ इव्हान्स हा वेल्सचा. सिलाटवर माहितीपट करायला तिकडे गेला आणि त्याला 'द रेड'चा हिरो इको उवैस सापडला. उवैस लहानपणापासून सिलाट शिकलेला, पोटासाठी गाडी चालवणारा. नट नव्हताच तो.

आपल्याकडे काय कमी आहे? लाठी आहे, मल्लखांब आहे, दांडपट्टा आहे. 2024 साली दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. शेजारी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे. त्यांच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ करून दाखवले होते. एवढं असून आपल्या पडद्यावरचा हिरो अजून हवेत गिरक्या घेऊनच मारतो.

माझं म्हणणं असं, की मालिका हिरोवर नाही, विद्येवर उभी करा. पहिल्या भागात लाठी, दुसऱ्यात मल्लखांब, तिसऱ्यात पट्टा. दर भागात नवा खेळाडू, आणि त्यांचा वस्ताद तेवढा एकच. पहिला भाग मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या, एका दिवसात घडावा. काळी आणि पिवळी मारबत रस्त्यावर, बडगे (पुरुषी पुतळे) नाचताहेत, "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" असा गजर चाललाय, आणि त्या गर्दीतून एक पोरगा इतवारीच्या बोळात शिरतो. त्या बोळात पूर्ण लाठी फिरतच नाही. ती अर्धी धरून, टोकाने लढावं लागतं. हे ज्याने आखाड्यात केलंय त्यालाच सुचेल.

बर्डीचा प्रेक्षक
भाऊ, पहिल्याचा पत्ता नाही अन् तिसऱ्या भागाची गोष्ट काहून करून राहिले? तुमच्याच 'द रेड'चं घ्या. त्या लोकांकडे आधी दुसरीच, मोठी पटकथा होती. तिला पैसा मिळेना म्हणून त्यांनी एका इमारतीतला लहान सिनेमा केला. तो चालला, मग ती जुनी पटकथा 2014 मध्ये दुसरा भाग म्हणून आली. तिसरा तर आलाच नाही. म्हणजे पहिला करताना त्यांच्या डोक्यात एकच होतं, आहे त्या पैशात हा सिनेमा जमला पाहिजे.

थायलंडचा मारामारीवाला नट टोनी जा आठवा. 'ओंग बाक' 2003 मध्ये आला, नटाला हवेत उचलणाऱ्या तारा नाहीत, बदली माणूस नाही, लोक वेडे झाले. 2008 ला दुसरा आला तर गोष्ट थेट काही शतकं मागे गेली, पहिल्याशी धागाच नाही. मारामारी जबरदस्त होती, पण त्या गावच्या साध्या पोराचं पुढं काय झालं हे मले पाहायचं होतं. विद्या कितीही मोठी असू द्या बावा, माणूस परत येतो तो माणसासाठी.

एडिटिंग टेबल
बर्डीकरांशी सहमत. मराठीत मालिका चालते हे तर सिद्धच आहे. 'फर्जंद' 2018 चा, 'शिवरायांचा छावा' 2024 चा, आणि मधे 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड', 'शेर शिवराज', 'सुभेदार'. एकाच दिग्दर्शकाचे सहा सिनेमे. पण तिथे प्रेक्षक महाराजांसाठी येतो. आजच्या नागपुरातल्या कुणा लाठीवाल्यासाठी तो तिकीट काढेल का? मला शंका आहे. शिवाय अशी मारामारी शूट करायला दिवस लागतात. आपल्याकडे फाईट मास्टरला दोन दिवस मिळतात आणि उरलेलं आमच्या टेबलावर कट मारून झाकलं जातं. दर सेकंदाला कट दिसला की समजा, नटाला काही येत नव्हतं.

कोल्हापूरचा पट्टेवाला
मी पंधरा वर्षं मर्दानी खेळ करतोय. वाईट वाटून घेऊ नका, पण मूळ अडचण कुणीच बोललं नाही. पट्ट्याच्या खोबळ्यात, म्हणजे हातमोज्यासारख्या धातूच्या मुठीत, हात कोपरापर्यंत जातो, आत आडवी मूठ असते. मनगट बांधलं जातं, सगळा फेर खांद्यातून आणि कमरेतून येतो. पातं लांब, दुधारी आणि लवचिक. तलवारीसारखा वार त्यावर अडवता येत नाही, पातं वाकतं. पट्टा चारही बाजूंनी माणसं लांब ठेवायला आहे, समोरासमोर शॉट देत-घेत लढायला नाही. आम्ही जमिनीवर ठेवलेलं लिंबू कापतो तेव्हासुद्धा पोरांना दोराच्या पलीकडे बसवतो.

एका टीव्ही मालिकेसाठी मला शिकवायला बोलावलं होतं. नटाला एक सकाळ दिली होती. त्याने मनगट वळवायचा प्रयत्न केला आणि खोबळ्याच्या कडेने त्याचा हात सोलून निघाला. शेवटी त्याच्या हातात तलवार दिली आणि संवादात पट्टा तसाच ठेवला. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही.

दोरीवरची ताई
मी नागपुरात मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवते. दादा, तुमच्या कल्पनेत तीन भाग आहेत, पण एकही मुलगी नाही. माझ्याकडची बारा वर्षांची पोर पायाच्या अंगठ्यात दोर पकडून उलटी उभी राहते. तिला बदली माणूस लागणार नाही, तारही लागणार नाही. फक्त कॅमेरा लांब ठेवा, डोक्यापासून पायापर्यंत ती दिसू द्या. 'झुंड' (2022) मध्ये नागपूरच्याच पोरांना पाहून आमच्या वस्तीतली मुलं किती ताठ मानेने फिरत होती, ते मी पाहिलंय.

आणि चालणार नाही म्हणणाऱ्यांना एक सांगते. कुंग फूच्या गुरूवरचा 'इप मॅन' 2008 ला आला, 2019 पर्यंत त्याचे चार भाग झाले. त्यात माणूसही आहे आणि विंग चुन ही त्याची विद्याही. घरी जेवायला थांबलेली बायको आहे आणि लाकडी पुतळ्यावरचा सराव आहे. दोन्ही एकत्र येतं. तुम्ही दोघं उगाच एकाला धरून बसलात.

महालचा लाठीवाला
ताई, मुलीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. माझी चूक झाली. दुसरा भाग तिचाच.

कोल्हापूरकर, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. पट्टा समोरासमोरच्या लढाईत नको, हे पटलं. पण तो चारी बाजूंनी माणसं लांब ठेवतो म्हणालात ना, मग तोच प्रसंग लिहू. वस्ताद म्हातारा झालाय, दारात एकटा उभा आहे, मागे पोरं आहेत, आणि समोरच्या वीस जणांतला एकही जवळ येऊ शकत नाही. एकही वार लागायची गरज नाही. अख्ख्या मालिकेत पट्टा फक्त तिथे निघेल, तोवर तो भिंतीवर टांगलेला दिसेल.

एडिटिंगवाले भाऊ, दिवसांचं खरं आहे. म्हणूनच मी नट घ्या म्हणत नाही. ज्याला दहा वर्षं लाठी येते त्याला चार महिने संवाद शिकवणं सोपं, उलटं अशक्य.

बर्डीचा प्रेक्षक
पट्टा भिंतीवर टांगलेला, हे आवडलं. तरी माझं मत तेच. पहिला भाग असा लिहा की दुसरा आलाच नाही तरी चालावं. वस्तादाचं काय झालं ते पहिल्यातच सांगून टाका, पुढच्यासाठी राखून ठेवू नका. अन् त्या इतवारीच्या बोळातली मारामारी कागदावर उतरवली असेल तर इथंच टाका. लाठी अर्धी धरतात म्हणजे नेमकी कुठं धरतात, हे मले वाचायचं आहे.