प्रवाळांच्या टाकीत ओझोन: भाज्या धुण्याचे यंत्र चालेल का?

रीफवाला, ठाणे
नमस्कार. माझी खाऱ्या पाण्याची ४०० लिटरची टाकी दोन वर्षांची झाली असून हल्ली पाण्याला पिवळसर झाक आली आहे; पांढरा पेला बुडवून धरला की ती चटकन जाणवते. भाज्या धुण्यासाठी आणलेले, ताशी ४०० मिलिग्रॅमचे ओझोन यंत्र घरात पडून आहे. ती झाक घालवायला त्याची नळी प्रोटीन स्किमरच्या (बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या उपकरणाच्या) हवेच्या तोंडाला जोडावी का, आणि ओआरपी (पाण्याची ऑक्सिडीकरण क्षमता, मिलिव्होल्टमध्ये) किती ठेवावा?

दर्यावर्दी
कृपया जोडू नका. १०० लिटरमागे ताशी १० मिलिग्रॅम हा ढोबळ हिशेब धरला तर तुमच्या टाकीला ४० पुरेत, आणि सुरुवात तर १०-१५ नेच करावी. तुमचे यंत्र दहापट मोठे आहे, शिवाय अशा यंत्रांना बहुधा मात्रा कमी करण्याची सोयच नसते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असते. ओझोन स्वतः लवकर विरून जातो, पण जाता जाता ब्रोमाइडपासून हायपोब्रोमस आम्लासारखी द्रव्ये तयार करतो. ती पाण्यात अधिक काळ टिकतात आणि माशांच्या कल्ल्यांना व प्रवाळांना इजा करतात. म्हणून स्किमरमधून निघणारे सगळे पाणी सक्रिय कोळशाच्या थरातून गेले पाहिजे. सम्पमध्ये (उपकरणे ठेवायच्या जोडटाकीत) कोळशाची पिशवी नुसती टांगून ठेवली तर पाणी तिला वळसा घालून जाते. स्किमरच्या झाकणातून सुटणाऱ्या हवेलाही असाच कोळसा लावावा.

खारा वारा
ओआरपीविषयी माझा अनुभव सांगतो. ओआरपी पाहून ओझोन चालू-बंद करणारा कंट्रोलर मी ३५० मिलिव्होल्टला ओझोन बंद होईल असा लावला होता. ४०० च्या वर जाण्याची काहीच गरज नसते. पण प्रोबवर (ओआरपी मोजणाऱ्या, पाण्यातल्या कांडीवर) शेवाळाचा पातळ थर साचला, आकडा ३१० वरच अडकला आणि कंट्रोलर आपला इमानाने ओझोन सोडत राहिला. एके सकाळी दिवाणखान्यात झेरॉक्सच्या दुकानासारखा वास आला, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले. वास आला की यंत्र बंद करून खिडक्या उघडाव्यात, कारण कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी मान्य असलेली मर्यादाच ०.१ पीपीएम एवढी अल्प आहे. तेव्हापासून मी प्रोब नियमित पुसतो आणि कंट्रोलरच्या जोडीला टायमरही ठेवतो.

दर्यावर्दी
पावसाळ्याचे राहिलेच. दमट हवेत ओझोन कमी बनतो आणि यंत्रात नायट्रिक आम्ल साचते, त्यामुळे आत जाणारी हवा सिलिका जेलमधून न्यावी आणि दाण्यांचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये वाळवावेत. साधी रबरी नळी तडकते, ओझोनला टिकणारी घ्या. यंत्राकडे पाणी उलटे येऊ नये म्हणून नळीत चेक व्हॉल्व्हही हवाच. आणखी एक, पाणी एकाएकी नितळ झाले की प्रकाश खोलवर पोहोचतो आणि प्रवाळ पांढरे पडू शकतात, तेव्हा दिवे काही दिवस मंद ठेवावेत.

पाण्याचा पिवळेपणा ताजा कोळसाही काढतो. तुमच्या टाकीतल्या कोळशाला किती दिवस झाले?

रीफवाला, ठाणे
सांगायला संकोच वाटतो, पण चार महिने झाले. भाज्यांचे यंत्र स्वयंपाकघरात परत गेले आहे. आज कोळसा बदलतो आणि आठवड्याने पेला पुन्हा बुडवून पाहतो.