पाहुणा कोण, हे ठरवतं कोण?

विद्यापीठात व्याख्यानाला कुठला पाहुणा बोलवायचा हे 'कुलगुरूंनी ठरवावं, वाद मिटला' असं काहीजण म्हणतात. मिटत नाही हो. आमच्या बेळगावकडे कुलगुरूंच्या टेबलावर कागद जायच्या आधीच निकाल लागलेला असतो. अर्जावर सही करण्याआधी विभागप्रमुख हळूच विचारतात, पाहुणे महाराष्ट्रातले का? सीमाप्रश्न काढणार नाहीत ना? मग विषय बदलून संतसाहित्य होतो, फलकावर कन्नड अक्षरं वर आणि मोठी येतात, आणि तरीही आदल्या संध्याकाळी पोलीस ठाण्यातून फोन. 'परिस्थिती बरी नाही.' संपलं!

ब्रिटनमध्ये 1986 च्या शिक्षण कायद्याने विद्यापीठांना बजावलं होतं की वक्त्याच्या मतांवरून सभागृह नाकारायचं नाही. लिव्हरपूल विद्यापीठाने मात्र दक्षिण आफ्रिकेच्या राजनैतिक अधिकाऱ्यांच्या सभेला परवानगी नाकारली, कारण जवळच्या टॉक्स्टेथ वस्तीत दंगा होईल ही भीती. (वक्ते वर्णभेदी सरकारचे, म्हणजे सहानुभूती वाटावी असे मुळीच नव्हेत.) 1990 मध्ये कोर्टाने सांगितलं, आपल्या आवारात काय होईल तेवढंच विद्यापीठाने बघावं, बाहेरचा बंदोबस्त हे पोलिसांचं काम.

आपल्याकडे नेमकं उलट. शहरातल्या चन्नम्मा चौकात कुणी घोषणा देईल म्हणून गावाबाहेरच्या कॉलेजातलं व्याख्यान रद्द. घोषणा देणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, पाहुण्याला मात्र येऊ नका म्हणतात.

म्हणून कुलगुरूंकडून माझी मागणी छोटी आहे: नकार द्यायचा तर लेखी, कारणासकट. तोंडी निरोप घेऊन हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात कुठल्या तोंडाने जायचं?