‘मायकल क्लेटन’मधल्या वकिलाला नायक म्हणायचं का?

काळीमाती, लातूर
शेवट उघड करतोय, पिक्चर न पाहिलेल्यांनी पुढं वाचू नये.

टोनी गिलरॉयच्या 2007 च्या ‘मायकल क्लेटन’वर प्रेम करणाऱ्यांशी माझं एकच भांडण आहे. जॉर्ज क्लूनीच्या क्लेटनला नायक म्हणू नका. कथा थोडक्यात अशी: यू-नॉर्थ ही शेतीऔषधांची कंपनी. तिच्या तणनाशकापायी विस्कॉन्सिनमधल्या शेतकरी कुटुंबांचं वाटोळं झालं, सामूहिक दावा लागला. न्यूयॉर्कची बडी लॉ फर्म सहा वर्षं कंपनीची बाजू लढतेय. फर्मचा ज्येष्ठ वकील आर्थर याच्या हाती कंपनीचाच अंतर्गत अहवाल लागतो. औषध घातक आहे हे वरच्यांना माहीत होतं! आर्थर कंपनीवर उलटतो, अहवाल बाहेर काढायला निघतो आणि त्याचा खून होतो. क्लेटन म्हणजे फर्मची लफडी निस्तरणारा माणूस.

आता नीट बघा. आर्थरच्या घरात क्लेटनला झेरॉक्सच्या दुकानाची पावती सापडते. दुकानात त्या अहवालाच्या लाल कव्हरच्या प्रती बांधून तयार. सगळं कळलं, तरी हा मालकाकडून 80 हजार डॉलरचा चेक घेतो, कारण बुडालेल्या हॉटेलापायी 75 हजारांचं देणं डोक्यावर आहे. स्वतःच्या गाडीत बॉम्ब फुटेपर्यंत तोंडातून शब्द नाही. जिवावर बेतल्यावर सुचलेली नीती मी नीती मानत नाही.

गोदाकाठ, नांदेड
अजिबात पटलं नाही. शेवटी तो कंपनीच्या वकीलबाईकडं एक कोटी डॉलर मागतो, ती कबूल होते. पैसे घेऊन गप्प बसला असता तर कोण विचारणार होतं? त्यानं ते संभाषण पोलिसांना ऐकवलं. उशिरा का होईना, माणूस सरळ झाला. आणि चेक घेतला म्हणून त्याला इतकं झोडपता, पण सावकाराचा माणूस दारात उभा असताना काय होतं हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको.

खंडपीठवाला, छत्रपती संभाजीनगर
वीस वर्षं वकिली करतोय म्हणून बोलतो. तुम्ही दोघंही क्लेटनवर अडकलात, खरा पेच आर्थरचा आहे. अशिलानं विश्वासानं दिलेला कागद वकील विरोधी पक्षाला देऊ शकतो का? आपल्याकडं पुरावा कायद्याचं कलम 126 होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ते 132 आहे. गुपित राखणं हे वकिलाचं बंधन. कंपनीलाही वकील मिळायलाच हवा. उद्या प्रत्येक वकील स्वतःच्या मनानं न्याय करू लागला तर अशिलानं जायचं कुठं?

काळीमाती, लातूर
वकीलसाहेब, त्याच कलमात अपवाद आहे ना? बेकायदा हेतूसाठी सांगितलेलं, किंवा वकील नेमल्यानंतर त्याच्या नजरेला आलेला गुन्हा, फसवणूक याला संरक्षण नाही.

खंडपीठवाला, छत्रपती संभाजीनगर
आहे. पण औषध बाजारात आलं ते आर्थर नेमला जाण्याआधी. तुमची बाजू टिकवायची तर असं म्हणावं लागेल की दावा चालू असताना अहवाल दडवला, ती नवी फसवणूक. मी आर्थरचा वकील असतो तर तिथूनच सुरुवात केली असती. जिंकलो असतो की नाही, सांगत नाही.

सोयाबीनवाली, परभणी
दादा, तुम्ही सगळे वकिलांबद्दलच बोलताय. पिक्चरनंही तेच केलं, ही माझी तक्रार आहे. दावेदारांपैकी एकच पोरगी, ॲना, जवळून दिसते. बाकी शेतकरी नुसते कागदावर.

2020 च्या खरिपात आमच्याकडं सोयाबीन उगवलं नाही, औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती, आठवतं ना? बियाणं कंपनीचं उत्तर ठरलेलं: पेरणी खोल झाली, ओल नव्हती. तालुक्याची समिती पंचनाम्याला येते तेव्हा पहिला प्रश्न असतो, पिशवीचं लेबल कुठंय, बिल कुठंय. आम्ही पेरलेल्या ओळी हातानं उकरून कुजलेले दाणे दाखवत होतो. क्लेटनसारखा लाल कव्हरचा कागद आम्हाला कोण आणून देणार?

सिनेमावेडा, बीड
मला वाटतं संथपणाच या पिक्चरचं बळ आहे. कंपनीची वकीलबाई झालेली टिल्डा स्विंटन आरशापुढं एकेक वाक्य घोकते, काखेत घाम सुटलेला. तेवढ्यात कळतं की ही बाई आतून किती घाबरलीय आणि म्हणून किती धोकादायक आहे. तिला ऑस्कर मिळालं ते योग्यच.

गोदाकाठ, नांदेड
घामाचं कौतुक राहू द्या. ताईंचा मुद्दा सोडू नका. वकीलसाहेब, बियाणं पेरून संपलं तर शेतकऱ्यानं सिद्ध काय करायचं?

खंडपीठवाला, छत्रपती संभाजीनगर
2012 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी. शेतकरी हा ग्राहकच आहे, आणि सगळं बियाणं पेरून टाकणाऱ्याकडून तपासणीसाठी नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा करता येत नाही, असं त्यात म्हटलंय. ताई, पंचनाम्याची प्रत असेल तर ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे.

सोयाबीनवाली, परभणी
प्रत आहे. पण समोर कंपनीकडून उभा राहणारा तुमच्यासारखाच कसलेला वकील असणार, साहेब. त्याला आतलं सगळं माहीत असलं तर त्यानं काय करावं, हे तुम्ही अजून सांगितलं नाही.

खंडपीठवाला, छत्रपती संभाजीनगर
वकीलपत्र सोडावं. कागद बाहेर द्यावा असं मी अजूनही म्हणणार नाही.

काळीमाती, लातूर
सोडून गेला तर दुसरा येईल आणि अहवाल तिथंच कपाटात राहील. इथं मी आर्थरच्या बाजूनं आहे.