बर्फातल्या ड्रायव्हिंगचा सराव : तुमचे अनुभव लिहा

ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांग खिंड बंद असतानाही मनालीहून बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावापर्यंत जाता येऊ लागलं. पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन जाणारेही आता ओळखीत निघतात. पण बर्फावर चालवायची सवय आपल्याला कुठून असणार? ज्यांना आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कोथरूडहून
सराव पुण्यातच सुरू होतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना गाडी न्यूट्रल करणारे बरेच आहेत. ही सवय आधी मोडा. मी ताम्हिणी उतरताना खालच्या गिअरमध्ये, ब्रेकला शक्यतो पाय न लावता उतरायचं पायाला शिकवलं. सिस्सूकडच्या उतारावर तेच कामी आलं.

औंधहून
लेक मिनेसोटात असते. हिमवृष्टीनंतर जावयांनी मला रिकाम्या पार्किंगमध्ये नेलं आणि अगदी कमी वेगात मुद्दाम करकचून ब्रेक मारायला लावला. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागलं की पेडल पायाखाली धडधडतं, खालून करकर आवाज येतो, काहीतरी तुटलं असंच वाटतं. "बाबा, पाय काढू नका!" हे त्यांनी दहादा सांगितलं असेल. मग मागची चाकं घसरवून पाहिली. गाडीचा मागचा भाग उजवीकडे गेला तर स्टिअरिंगही हलकेच उजवीकडे, आणि नजर जायचंय तिकडे. हे वाचून येत नाही हो, हातात बसावं लागतं. त्यांच्या गाडीला हिवाळी टायर होते. साधारण ७ अंशांखाली आपल्या नेहमीच्या टायरचं रबर कडक होतं आणि पकड जाते.

हडपसरहून
बर्फात टायरवर गुंडाळायची चेन इंजिनची ताकद जाते त्या चाकांना लावायची, म्हणजे आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाड हातमोजे घालून लावून-काढून बघा. हुक सापडत नाही, ते इथेच कळलेलं बरं.

सिंहगड रोडवरून
मला पांढऱ्या बर्फापेक्षा सावलीतल्या वळणांची धास्ती वाटते. दुपारी वितळलेलं पाणी संध्याकाळी गोठतं आणि रस्ता नुसता ओला दिसतो. ऊन असेतो परत फिरा. गाडी बर्फात अडकली तर इंजिन चालू ठेवण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, नाहीतर विषारी धूर गाडीत येतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीला गाड्यांमध्ये अडकलेली माणसं दगावली होती, लहान मुलंसुद्धा.

ऑटोमॅटिक गाडी घेऊन कोणी गेलंय का? उतारावर मॅन्युअल मोड कितपत पुरतो, ते लिहा.